आईचा उन्हाळा

४ डिसेंबर

धाकट्या,

तुला आशीर्वाद आणि तुझ्या सर्दीला शिव्या. पत्र मिळालं. फोन का करत नाहीस म्हणून विचारतोस, तर फोन आईच्या खोलीत आहे आणि तिच्यादेखत तिच्याबद्दल काय बोलणार? ऐकू कमी येतं म्हणते, पण स्वतःचा विषय निघाला की भिंतीपलीकडचंही ऐकू येतं. म्हणून हे कागद.

आई बरी आहे. थोडा खोकला आहे. छातीला गारवा लागू देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून तिच्या खोलीतल्या खिडक्यांच्या फटींत मी शिवणातल्या चिंध्या ठासल्यात. हीटर दिवसभर चालू असतो. माझं मशीनही तिथेच हलवलंय. शाळेच्या पस्तीस कोटांची अस्तरं बदलायची आहेत, तीही लोकरीची. घामाघूम होऊन थंडीचे कोट शिवायचे, असा सगळा थाट आहे.

जेवणाचं मात्र जरा कटकटीचं झालंय. परवा गाजराचं सूप केलं. आईने वाटीत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "ऐन उन्हाळ्यात गाजर? तुला काही भान आहे की नाही?" म्हटलं, आई, डिसेंबर आहे. तर माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मलाच चळ लागलाय. म्हणते, "काकड्या आल्या असतील बाजारात. त्या आण."

तुला तिचा नियम ठाऊकच आहे. जमीन देईल ते ताटात, बाकीचं दारात. आठवतं का, शेजारणीने एकदा भर जानेवारीत हौसेने काकडी आणून दिली होती, ती आईने शेळीला घातली आणि वर शेळीचीच माफी मागितली होती. बाबा म्हणायचे, आपल्या घरात कॅलेंडर कशाला हवं, तुमची आई काय चिरतेय ते बघा म्हणजे महिना कळतो. नियम अजून तोच आहे. महिना तेवढा चुकलाय.

होईल ठीक. तू यायची घाई करू नकोस. इकडे सकाळी दहापर्यंत धुकं असतं, गाड्या वेळेवर नसतात.

तुझी,
ताई


११ डिसेंबर

ताई,

नमस्कार. पत्र वाचून मी इतका हसलो की कोल्ड स्टोरेजच्या खोली नंबर चारमधले लोक बघायला आले. तुला चळ लागलाय हे आईच्या आता लक्षात आलं, माझ्या लहानपणापासून लक्षात आहे.

पण अगं, यात अडचण काय आहे? आईला उन्हाळ्याचं खायचंय ना? मग तिचा मुलगा काय कोळसे विकतो? आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आत्ता या घडीला काकड्या आहेत, ढोबळी मिरच्या आहेत, कलिंगडंसुद्धा आहेत. जहाजातून येतात. तिकडे म्हणे आत्ता उन्हाळाच चालू आहे. म्हणजे आई तशी बरोबरच आहे, फक्त चुकीच्या देशात बसलीय. उद्याच्या ट्रकने एक पेटी पाठवतो. ड्रायव्हर ओळखीचा आहे, दारात आणून देईल.

माझं बरं चाललंय. बावीस वर्षं झाली, तरी गारठ्याच्या खोल्यांत घालायच्या त्या जाड कोटाचं वजन अजून खांद्याला जाणवतं. हातमोजे देतात, पण ते घालून फळ कळत नाही, ते दाबून बघावं लागतं. त्यामुळे हात कायमचेच गार. घरी येऊन चहाचा कप धरला तरी कपच गार होतो, असं सगळे म्हणतात.

पेटी आली की कळव. आईला खाऊ घाल भरपूर. सुट्टीचं बघतोय, पण वर्षअखेरीला माल फार येतो. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

तुझा,
धाकटा


१९ डिसेंबर

धाकट्या,

पेटी आली. कलिंगड बघून आई हरखली. दोन्ही हातांनी कुरवाळलं, कानाशी धरून टिचकी मारली. मी म्हटलं, देवा, सुटले. कापलं. रंगही चांगला होता. तिने एक फोड तोंडात घातली, चावली आणि सगळी वाटीत काढून ठेवली.

"हे कोंडलेलं आहे," म्हणाली. "याने ऊन बघून महिना झाला."

काकडीचंही तेच. नुसता वास घेतला आणि परत दिली. माझं नाव तिला आठवड्यातून दोनदा आठवत नाही, पण फळ कोंडलेलं आहे हे जिभेला कळतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच. उरलेलं कलिंगड शेजारच्या चष्मेवाल्या काकूंनी नेलं. छान होतं म्हणाल्या.

आता खरं सांगते. मागच्या पत्रात जरा कटकटीचं असं लिहिलं होतं, ते जरा नव्हतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून आई धड जेवलेली नाही. दूध आणि बिस्किटं, कधी चार घास भात. भाजी म्हणून समोर ठेवावं ते परत. कोबी, बीट, पालक, मुळा, मटार, सगळं करून बघितलं. "हिवाळ्याचं आहे, हिवाळ्यात दे." चव्वेचाळीस किलो होती ती एकोणचाळीसवर आली. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर हा खोकला तिला झेपणार नाही. नळी घालायची भाषा करत होते, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तिला थंडी दाखवायलाही बघितली. खिडकीशी नेलं, बाहेर सगळे लोक कानटोप्या घालून चाललेले. म्हणाली, "आजकालच्या पोरांना फॅशन." आणि मला पंखा लावायला सांगितला. पातळ सुती कपड्यांत बसते, शाल दिली की घडी करून परत देते. मी इकडे घाम पुसत हिवाळ्याचे कोट शिवतेय, आणि मधे ही बाई वाळ्याची पंखी मागते.

एवढं लिहिलं म्हणून घाबरून धावत येऊ नकोस. तुझं काम सोडून इथे येऊन तू तरी काय करणार?

ताई


२७ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आधी तुझ्यावर रागावलो, महिनाभर सांगितलं नाहीस म्हणून. मग डोकं चालवलं.

ऐक. आमच्याकडे कांदे येतात. गारव्यात ठेवले की पाच-सहा महिने झोपून राहतात. पण एखाद्या खोलीचं मशीन बिघडलं, दोन दिवस ऊब लागली, की लगेच कोंब काढतात. बाहेर बर्फ पडत असो नाहीतर पाऊस, कांद्याला काय कळतंय? त्याला खोली सांगेल तो महिना. आईचंही तेच झालंय. तू खोली किती गरम ठेवतेस? घामाघूम होऊन शिवतेस असं तूच लिहिलंस. फटी बुजवल्यास, हीटर दिवसभर. आईला आपणच उन्हाळा दाखवतोय, ताई. ती बिचारी आपल्या नियमाने बरोबर वागतेय.

तेव्हा हीटर बंद कर, चिंध्या काढ. दुपारच्या वेळी अर्धा तास खिडकी सताड उघड. अंगाला गार लागलं की तिला आपोआप हिवाळा आठवेल आणि गाजर मागेल. लिहून ठेव माझं वाक्य. मी एकतीस माणसांबरोबर आणि चौदा खोल्यांच्या तापमानात आयुष्य काढलंय, मला यातलं कळतं.

सुट्टीचा अर्ज दिलाय. साहेब म्हणाले जानेवारीनंतर बघू.

धाकटा


८ जानेवारी

धाकट्या,

उंटावरून शेळ्या हाकणं फार सोपं असतं.

तुझ्या सांगण्यावरून हीटर बंद केला. चिंध्या उपसल्या. दुपारी दोन वाजता खिडकी उघडली, घड्याळ लावून अर्धा तास. आई कुडकुडली. मला वाटलं आता म्हणेल हिवाळा. ती म्हणाली, "वादळ येतंय, वाळत घातलेले कपडे आत घे." संध्याकाळी ताप. चार दिवस छाती नुसती वाजत होती. डॉक्टर माझ्यावर असे ओरडले की बाहेरच्या बाकावरच्या पेशंटांनी माना खाली घातल्या. पन्नाशी उलटलेली बाई मी, शाळेतल्या मुलीसारखी उभी होते. भावाने सांगितलं असं कोणत्या तोंडाने सांगू?

आता ताप उतरलाय. हीटर पुन्हा चालू आहे, चिंध्या पुन्हा फटीत आहेत. वजन सदतीस. तुझे कांदे तुझ्यापाशी ठेव. आई कांदा नाही.

मला राग फार वेळ धरता येत नाही, तेवढीही ताकद राहिली नाही. सकाळी भाजी आणायची, चिरायची, शिजवायची, तिच्यापुढे ठेवायची, ती ढकलणार, मग तीच मी दुपारी खायची आणि संध्याकाळीही खायची. गेले दोन महिने मी दोन माणसांचा हिवाळा एकटी खातेय. परवा मुळा चिरताना विळी बाजूला सारली आणि तशीच बसून राहिले, किती वेळ ते माहीत नाही. रडत नव्हते. नुसती बसले होते. मशीनवर बसलं की पाय आपोआप चालतात, ते एक बरं आहे. मी थकलेय रे.

पण तू येऊ नकोस. तुझी नोकरी महत्त्वाची.

ताई


१३ जानेवारी

ताई,

तुझी तिन्ही पत्रं समोर मांडून बसलोय. प्रत्येकात शेवटी येऊ नकोस असं लिहिलंयस. पहिल्यात धुकं, दुसऱ्यात मी येऊन काय करणार, तिसऱ्यात नोकरी. मी मठ्ठासारखा दर वेळी ते खरं मानलं. खरं सांगायचं तर खरं मानणं मला सोयीचं होतं.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघतोय. साहेबांना विचारलं नाही, सांगितलं. दोनच दिवस मिळतील.

धाकटा


२४ जानेवारी

धाकट्या,

पोचल्याचं कळलं.

तू गेल्यावर आई आणखी दोन दिवस जेवली, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कालपासून परत काकडी. पण त्याबद्दल नाही लिहिणार. मनात एक टोचतंय ते लिहिते, नाहीतर ते कुजेल.

शनिवारी तू आलास, पिशवी टाकलीस आणि बूटही न काढता तिच्या खोलीत गेलास. मी चहा टाकला. चहाला उकळीही फुटली नव्हती तेवढ्यात तू ओरडलास, "ताई, गाजराचं सूप आण!" मी आणलं आणि ती प्यायली. वाटी पुसून. वर म्हणाली, मीठ कमी आहे. रविवारी पालक खाल्ला, बीट खाल्लं. मी तुला विचारलं, काय केलंस रे? तू म्हणालास, "काही नाही, प्रेमाने समजावलं."

प्रेमाने. मग मी काय काठी घेऊन बसते तिच्यापुढे? अडीच महिने मी गोष्टी सांगितल्या, गाणी म्हटली, लहान मुलीला भरवतात तसे चिऊ-काऊचे घास केले. तू पाच मिनिटं बसलास आणि ती जेवली. मला आनंद झाला, खोटं नाही सांगत. पण त्या आनंदात एक मेलं कुसळ आहे. जिच्यासाठी हाडं झिजवायची तिला येणाऱ्या-जाणाऱ्याचंच कौतुक. लेकाने सांगितलं की हिवाळा, लेकीने सांगितलं की फॅशन.

वाईट वाटून घेऊ नकोस. किंवा घे थोडं.

ताई


३० जानेवारी

ताई,

मी खोटं बोललो. मी तिला काहीच समजावलं नाही.

मी खोलीत गेलो आणि मला ती दिसलीच नाही आधी. पलंगावर नुसती चादर आहे असं वाटलं. मग चादरीतून डोकं हललं. ताई, तू सदतीस किलो लिहिलं होतंस, पण आकडा वाचणं वेगळं. मी तिच्याशेजारी बसलो आणि मान फिरवून भिंतीकडे बघत राहिलो. समजावणं दूरच, मला तिच्याकडे बघवतही नव्हतं.

तिने आपणहून माझे हात धरले. धरले आणि दचकलीच. तुला माहीत आहे माझे हात कसे असतात, त्यात स्टेशनवरून चालत आलो होतो. तिने ते आपल्या दोन्ही हातांत घेतले, चोळले, गालाला लावले. लहानपणी शाळेतून आल्यावर लावायची तसे. आणि म्हणाली, "किती गारठलायस रे. एवढी थंडी पडली बाहेर? मग गाजरं आली असतील की. ताईला म्हणावं, सूप कर."

एवढंच झालं. त्यावर मी ओरडलो. रविवारी दोन्ही वेळा मी जेवणाआधी अंगणातल्या नळाखाली हात धरून आत गेलो, तू कपडे वाळत घालत होतीस. प्रत्येक वेळी ती हात चोळायची आणि मग जेवायची. तिला माझं काही कौतुक नव्हतं, ताई. तिला फक्त कोणीतरी बाहेरून गारठून आल्याचं कळलं.

तुला सांगितलं नाही, कारण बावीस वर्षांत पहिल्यांदा घरात माझा काही उपयोग झाला होता. तो माझ्या हातांचा नसून माझा आहे असं दोन दिवस मिरवून घ्यावंसं वाटलं. तू दाराशी रिकामी वाटी घेऊन उभी होतीस, तेव्हा तुझं तोंड बघून मला कळायला हवं होतं. कळलंही. तरी बोललो नाही. माफ कर.

तिची खोली गरमच ठेव. तुझे हात तेवढे गार करून बघ.

धाकटा


१० फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र वाचून तुला दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं, आणि ते झाल्यावर मी हसत सुटले. अडीच महिने मी सूप गरम आणि हात गरम घेऊन तिच्यापुढे जात होते. मशीनवरून उठायचं, हीटरशी हात शेकायचे, मग वाटी उचलायची. तिला गार लागू नये म्हणून.

आता दाराबाहेर पाण्याचं घमेलं ठेवलंय. रात्रभर बाहेर राहिलं की सकाळी वर बर्फाचा पापुद्रा धरतो. तो फोडायचा, मनगटापर्यंत हात बुडवायचे, शंभर मोजायचे, पुसायचे आणि आत जायचं. चष्मेवाल्या काकूंना वाटतं मी कसलं तरी व्रत धरलंय. मी नाही म्हणत नाही.

पहिल्या दिवशी मी नुसती तिच्याजवळ बसले आणि हात पुढे केले. तिने धरले, दचकली, चोळायला लागली. "किती गारठलायस रे," म्हणाली. मी वळून बघितलं, मागे कोणी नव्हतं. मला म्हणत होती. "ये धाकट्या, इथे बस, अशी थंडी अंगावर घेऊ नये." मग गाजराचं सूप प्यायली. अख्खी वाटी.

तेव्हापासून रोज तसंच. सकाळी एकदा, दुपारी एकदा. तिच्या लेखी मी धाकटाच आहे. दोनदा सांगून बघितलं, आई, मी ताई. तिने हात सोडले आणि काकडी मागितली. म्हणून आता सांगत नाही. धाकट्या म्हणून हाक मारते, मी ओ देते, ती जेवते. वजन एकोणचाळीसवर आलंय. डॉक्टरांनी नळीचं नाव काढलं नाही.

परवा घास घेता घेता म्हणाली, "तुझी ताई कुठे असते रे? दिसत नाही हल्ली." मी म्हटलं, आहे ना, स्वयंपाकघरात. म्हणाली, "तिला म्हण, दमू नकोस." तो घास मी तिच्या तोंडात घातला आणि दुसरा भरायला मला जरा वेळ लागला.

हातांचे हाल झालेत. बोटांना चिरा पडल्यात, सुई धरली की रक्त येतं, दोन कोटांच्या पांढऱ्या अस्तराला डाग लागले. पण खरा उन्हाळा यायला आता दोनच महिने. तोवर तिला तगवायचं. मग काकड्या येतील, तीही बरोबर आणि बाजारही बरोबर. या वेळी ये किंवा येऊ नकोस, यातलं मी काहीच लिहीत नाही.

ताई


१५ फेब्रुवारी

ताई,

उत्तर छोटं देतोय, सामान बांधायचंय.

दोन महिन्यांची बिनपगारी रजा टाकली. साहेब म्हणाले, खोली नंबर चार कोण बघणार? म्हटलं, थंडाव्याचं मशीन बघेल, घरी आईला बघायला मशीन नाही. बुधवारी दुपारी पोचतो. बाजारात पहिली खरी काकडी येईल, ती आईच्या ताटात पडेल, तोपर्यंत हलणार नाही.

तू सकाळी उठायचं नाहीस. भाजी मी आणेन, चिरेन, शिजवेन. मीठ कमी पडलं तर आई सांगेल. येताना मलम आणतोय, ते लावून हीटरशी बस आणि हात शेक. आई ताई कुठे आहे म्हणून विचारेल, तेव्हा तुला हाक मारीन. गरम हातांनी ये आणि तिच्याजवळ बस. जेवायला घालायला नाही, नुसती बस.

घमेल्यातलं पाणी ओतून दे. माझे हात तसेही गारच असतात.

धाकटा